शेंगेत बसवणारी मादेवक्का

मादेवक्काने माझा चेहरा पाहिला तो आमची ओळख होऊन अर्धा तास उलटल्यावर. तोवर ती फक्त माझं बूड न्याहाळत होती. हा शब्द मी शाळेत तीस वर्षांत एकदाही उच्चारलेला नाही. मी भूगोल शिकवते, फार तर ‘तळ’ म्हणते. पण अक्काच्या दुकानात दुसरा शब्द चालतच नसे, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दुकान सोलापुरात, होटगी रोडला. ट्रॅक्टर, रिक्षा, बुलेट, ज्याला म्हणाल त्याला सीट शिवून मिळायची. नवरा गेल्यावर अक्काने ते एकटीने चालवलं. पासष्टी ओलांडलेली, काळीसावळी, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, इरकल लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला आणि ओठांत कायम दोन खिळे. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे चिडली की कानडी, हसली की कानडी आणि मधल्या वेळात मराठी. मला तिच्याकडे पाठवलं आमच्या रिक्षावाल्या रशीदभाईंनी. त्यांच्या रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या सीटवर ते नवाबासारखे बसतात, ती सीट अक्काची. म्हणाले, “बाई, एक बार जाके बैठो तो सही. दवाखाने कू बाद में जाव.”

मी दारात उभी राहिले तर आतून हाक आली, “बर्री, कुंदर्री!” या, बसा. बसायला दुकानात एकही खुर्ची नव्हती. सीटांच्या दुकानात! होतं ते ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं. मी म्हटलं, मी उभीच बरी. अक्का म्हणाली, “उभ्या माणसाची सीट कशी बनवायची ओ बाई? बसा की.”

तर ती तिची रीत होती. आलेल्या प्रत्येकाला त्या पोत्यावर बसवायचं, हातात चहा द्यायचा आणि अर्धा तास त्याच्याकडे पाठ करून आपलं काम करत राहायचं. गिऱ्हाईक घाईत असलं तर ‘उद्या या’ म्हणायचं. मी ताठ बसले. वर्गात बसते तशी. अक्का पाठमोरी खिळे ठोकत होती. वीसेक मिनिटांनी मी अगदी हळूच डाव्या बाजूचा भार उजवीकडे घेतला आणि ती न वळता म्हणाली, “उचलला डावा.”

मी चपापले. “तुम्हाला कसं कळलं?”

“दाणं कुरकुरलं की. पयली दहा मिंटं माणूस पाव्हणा असतोय बगा. पाव्हणा कुटं बी बसतोय, दगडाव बी ‘लई छान लई छान’ करतोय. खरं बसणं मागनं सुरू होतंय. दुकतंय व्हय?”

“छे, नाही.”

“सुळ्ळु!” ती ओरडली. म्हणजे खोटं. मग वळून तिने मला उठवलं, पोत्यात उमटलेल्या खळग्यावर वाकली आणि एखाद्या वैदूने नाडी पाहावी तशी बोटांनी चाचपत राहिली. “तोंड खोटं बोलतंय. हे न्हाय बोलत. डावी बाजू धरून ठिवलीया तुमी. किती वर्सं?” मी निमूटपणे सांगितलं की मणका सरकलाय, सात वर्षं झाली. तेव्हा कुठे तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

आता माझं खरं दुखणं सांगते. माझी मुलगी केतकी इंजिनियर झाली, वर्षभर पुण्यात नोकरी केली आणि एके दिवशी राजीनामा देऊन कोकणात निघून गेली. तिथे ती पर्यटकांना कयाकमधून समुद्रात नेते. कयाक म्हणजे लांब, निमुळती, चिंचोळी होडी. तिच्या भोकात कमरेपर्यंत शिरायचं, पाय पुढे लांब सोडायचे आणि दोन्हीकडे पाती असलेलं वल्हं मारत सुटायचं. आईने पोटाला चिमटा काढून शिकवावं आणि लेकीने नावाडी व्हावं? मी दीड वर्षं तिच्याशी धड बोलले नाही. जेवलीस का, झोपलीस का, ठेवते. शेवटी तीच म्हणाली, “आई, एकदा माझ्यासोबत बेटाला फेरी मार. चार तास. मग काय बोलायचं ते बोल.”

मी गेले. दोघींच्या होडीत मला पुढे बसवून ती मागे बसली. वीस मिनिटांत माझा डावा पाय झोपला. पण पोटच्या पोरीला ‘पाय झोपला’ कसं सांगायचं? मी गुपचूप तो सोडवायला गेले आणि होडी उलटली. केतकीने मला मांजराच्या पिल्लासारखं मानेला धरून वर काढलं. बरोबरच्या सगळ्या पर्यटकांची फेरी रद्द. किनाऱ्यावर ती माझं डोकं पुसत म्हणाली, “राहू दे गं आई. तुझ्याच्याने नाही होणार.” चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. ती मायेने म्हणाली, तेच मला लागलं. तिला वाटलं, आई आता कधीच येणार नाही, बघणार नाही. आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटलं.

हे सगळं मी अक्काला सांगितलं आणि मोबाईलवर कयाकचा फोटो दाखवला. तिने तो लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला. “ही तर शेंग हाय की! भुईमुगाची. दोन दाण्यांची.” त्या दिवसापासून कयाकचं नाव शेंग पडलं ते पडलंच. “बाई, ट्रॅक्टरवाला ढेकळातनं बारा बारा तास बसतोय माज्या सीटवर. पाण्यात काय ढेकळं हायत? चार तास म्हंजी काय, किरकोळ.”

पंधरा दिवसांत सीट तयार झाली. काय ते देखणं प्रकरण! सहा बोटं जाड स्पंज, मरून रेक्झिन, कडेला पांढरी गोट, पाठीला बुलेटसारखी उंच टेक. अक्काने मोरपिशी धाग्याने त्यावर माझ्या आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा काढलं होतं. पोत्यावर ठेवून मी त्यात तासभर बसले, वर डुलकीही काढली.

केतकीला फोन केला. ती म्हणाली, “उजनीला येते. जुनी होडी आणते.” दोन दिवसांनी जीपच्या टपावर ती लांबलचक होडी बांधून ती सोलापुरात हजर. आम्ही तिघी उजनीच्या फुगवट्याकडे निघालो. अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर मरून सीट घेऊन, नवरीमुलीची करवली असावी अशा थाटात. मोडनिंबला चहाला थांबलो तर जीपभोवती ही गर्दी! एक म्हणाला, पाण्याची टाकी हाय. दुसरा म्हणाला, विमानाचा पंख हाय, कुटंतरी पडलं असंल. अक्काने खिडकीतून सांगितलं, “शेंग हाय. आमच्या बाईस्नी पेरायचीय.”

उजनीचं पाणी काठाला गुडघाभर होतं म्हणून मी आज जिवंत आहे. त्या सिंहासनावर मी विराजमान झाले, केतकीने हात सोडला आणि होडीने मला बादली उपडी करावी तसं ओतलं. दुसऱ्यांदा बसले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर बसायच्या आधीच. चौथ्यांदा सीट उचलायला गेलो तर उचलेना. स्पंजाने निम्मं धरण प्यायलं होतं. मी चिखलात, डोक्यात शेवाळ, चष्मा गायब. आणि अक्का? अक्का काठावर बसून “यव्वा! यव्वा गं!” करत मांड्या बडवत हसत होती. तिला बघून केतकी हसायला लागली, आणि मी एवढी संतापले होते की शेवटी मलाच हसू फुटलं. केतकी आणि मी एकत्र हसलो त्याला किती दिवस झाले होते कुणास ठाऊक.

हसणं ओसरल्यावर अक्का एकदम गंभीर झाली. “चुकलं माजं. ट्रॅक्टरला बूड वर पायजे, चिकलाच्या. शेंगंला बूड खाली पायजे, पाण्याच्या लगत. म्या तुमाला माडीवर चढवून बसिवलं.” एवढं बोलून तिने लुगड्याचा काचा मारला आणि स्वतःच होडीत शिरली. नुसत्या कडक तळावर. केतकीने होडी धरून ठेवली. अक्का डोळे मिटून पाऊणएक तास तशीच बसली, तोंडातल्या तोंडात पुटपुटत. मग डोळे उघडून म्हणाली, “बूड न्हाय दुकत. मांड्या अदांतरी हायत. सीट हितंच संपती, पुडं आदार न्हाय, म्हणून पाय मरतोय. अन् पाटीला उंच टेक नगं, कमरंला पायजे, खाली. वरनं धरलं की वल्हं मारताना पाट वळत न्हाय.”

केतकी तिच्याकडे बघतच राहिली. “आक्का, दीड वर्षं लोक पाय झोपला म्हणतात आणि आम्ही त्यांना पाणी प्या म्हणतो!”

मग केतकीने अक्काला शिकवलं, होडी उलटली तर बाहेर कसं यायचं: घाबरायचं नाही, पुढे वाकायचं, हात कडेला टेकायचे आणि पँट काढावी तशी होडी पायांतून काढायची. अक्काने तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा नाकातोंडात पाणी गेलं, तरी बाहेर येऊन म्हणते, “बाई, पोरगी लई हुशार हाय की तुमची. सांगती कशी ठेक्यात!” मी चिखलात सापडलेला चष्मा ओल्या पदराने पुसत “हं” म्हटलं. कौतुक करायला मला अजून जड जात होतं.

सोलापूरला परतल्यावर अक्का पेटली. पाणी न पिणारी वस्तू हवी, आणि मऊ नको. “मऊ म्हंजी सुक न्हवं. मऊ गादीत हाडं बुडत्यात, अन् मग रातभर तळ हुडकत बसत्यात.” रोज काहीतरी बादलीत बुडवून बघायची. एक दिवस मी गेले तर पायातली हवाई चप्पल काढून तिने बादलीत दाबून धरली होती आणि सोडली की ती टुण्णकन वर येत होती. अक्का लहान पोरीसारखी पुन्हा पुन्हा ते करत होती. “बगा बगा! पाणी पीत न्हाय, दबतीया बी अन् परत येतीया बी! जल्मभर पायात घालून हिंडले अन् अक्कल न्हाय आली.” चपलांचे तळ कापतात ते रबराचे तक्ते तिने मिळवले, एकावर एक चिकटवले आणि पोत्यातल्या माझ्या खळग्याच्या मापाने कोरत बसली. मांडीखाली चढ, कमरेला रुंद पट्टा, डावीकडे दोन बोटं जास्त भर.

एवढ्यावर थांबली असती तर ती अक्का कसली! मी हलू नये म्हणून तिने दोन्ही बाजूंना कमरेशी उशा घट्ट बसवल्या. चाचणीसाठी एक निळं पिंप आडवं कापून त्याची होडी केली होती. मी आत शिरले. एकदम झकास बसले. आणि निघेना! अक्काने हात धरून ओढलं, मी पिंपासकट उठले. समोरच्या स्टँडवरून रशीदभाई आले, त्यांनी पिंप धरलं, अक्काने मला धरलं, आणि शाळा सुटल्यावर घरी जाणाऱ्या आमच्या सातवी ‘ब’ने हे सगळं रस्त्यावर उभं राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘भूकवचाच्या हालचाली’ हा धडा होता. कुणीही हसलं नाही, यातच सगळं आलं.

अक्काने त्याच संध्याकाळी उशा तासून एकेका बोटाची फट ठेवली. “निगता आलं पायजे. निगता येत न्हाय ती बैटक न्हवं, पिंजरा. अन् बसल्या जागी वळवळता आलं पायजे.” आतापर्यंत ती मला ‘गं’ म्हणायला लागली होती. निघताना सीट हातात देत म्हणाली, “आईक. दुकलं तर पोरीला सांग. सोसू नगंस. म्या गादीवाली हाय, देव न्हाय.”

कोकणात पोचले. सकाळी भरती, समुद्र शांत. मी पुढे, केतकी मागे. वीस मिनिटं झाली, पाय जिवंत. तास झाला, पाय जिवंत. दोन तासांनी बेटाच्या पलीकडल्या अंगाला आलो तेव्हा मी चक्क गुणगुणत होते. तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने रंगवलेला समुद्र माझ्या कोपराशी होता, आणि माझी लेक मागून ठेक्यात सांगत होती, आई उजवं, आई डावं, आई पाणी कापू नकोस, ओढ. काय सुख होतं म्हणून सांगू!

मग अडीच तासांनंतर डाव्या पोटरीत मुंग्या सुरू झाल्या. मी दात आवळले. दीड तासच तर राहिलाय, काढू. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाय लाकूड झाला. आणि मला अक्काचा तो ‘सुळ्ळु’ आठवला.

“केतकी,” मी म्हटलं, “पाय गेला गं माझा.”

मागून वल्ह्याचा आवाज थांबला. “कधीपासून?”

“झाली दहा मिनिटं.”

“सांगितलंस तू!” तिला पाय गेल्याचं काहीच नाही, सांगितल्याचंच आश्चर्य. तिने होडी वळवून बेटाच्या वाळूला लावली, मला ओढून बाहेर काढलं आणि माझी पोटरी चोळत बसली. बराच वेळ चोळल्यावर मान वर न करता म्हणाली, “आक्का मला पण करून देतील अशी सीट?”

“तुला कशाला?”

“माझी कंबर दुखते, आई. खूप. वर्ष झालं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, सोड.”

म्हणाले असते. शंभर टक्के म्हणाले असते. ‘मी सांगत नव्हते?’ हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. ते मी कसे गिळले माझं मला माहीत. मी एवढंच विचारलं, “कुठे दुखतं?” तिने दाखवलं. मग मी तिची कंबर चोळली. शेजारून पर्यटकांची एक मोठी बोट गेली, त्यातल्या लोकांनी आमचे फोटो काढले. वाळूत फतकल मारून एकमेकींना रगडणाऱ्या दोन बायका! आम्ही त्यांना हात केले. चार तासांच्या फेरीला आम्हाला सहा तास लागले, आणि त्यातले निम्मे आम्ही बोलत होतो.

सोलापुरात आल्या आल्या अक्काने विचारलं, “किती बसलीस?” मी खरं सांगितलं: दोन तास चाळीस मिनिटं, मग उतरलो, पाय चोळला, परत बसले. वाटलं, तिला वाईट वाटेल. तर तिने टाळीच दिली. “परत बसावं वाटलं न्हवं? मग जमली! आगं, उटल्यावर कळतंय बैटक कशी हाय ते.” त्या दिवाळीत केतकी माप द्यायला आली तेव्हा अक्काने मला दुकानाबाहेर घालवलं. म्हणे, आईसमोर लेक सरळ बसते, खरं माप येत नाही. मी बाहेर उन्हात उभी, आणि आत दोघी खिदळतायत. माझ्यावरच हसत असणार. हसू देत, म्हटलं.

मग हिवाळाभर केतकीकडच्या सगळ्या शेंगांना अक्काच्या बैठका बसल्या. केतकी तिला समुद्र बघायला बोलवत राहिली. अक्का म्हणायची, “लई मोटा हाय म्हनत्यात. हाय तितंच हाय की, पळून जातोय व्हय?”

समुद्र तिथेच राहिला. अक्काच गेली. गेल्या माघात, झोपेत, कुणाला त्रास न देता. केतकी सुट्टीला घरीच होती, आम्ही दोघी सकाळी सकाळी धावलो. लिंगायतांत माणसाला शेवटी आडवं नेत नाहीत. बसवून नेतात आणि जमिनीतही बसवूनच ठेवतात. हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. अंगणात अक्काला खुर्चीत बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार. अंगण रिक्षावाल्यांनी, ट्रॅक्टरवाल्यांनी भरलेलं. पण अक्का नीट बसत नव्हती. पाठीशी कुणीतरी हौसेने मोठी गुबगुबीत उशी लावली होती, त्याने मान पुढे पडत होती, अंग डावीकडे घसरत होतं. पुरुषमाणसं धोतराच्या पट्ट्या घेऊन एकमेकांवर खेकसत होती, छातीला बांधा, खांद्याला बांधा. अर्ध्या सोलापुराला नीट बसवणारी माझी मैत्रीण वाकडी बसली होती आणि मला ते बघवेना. मी रडायला लागले.

तेवढ्यात केतकी गर्दीतून पुढे गेली. “काका, ती उशी काढा. मऊ आहे, म्हणून सरकतायत.” तिने एक चादर घडी करून मांड्यांखाली सारली. दुसरी गुंडाळून कमरेशी, अगदी खाली. पट्टी छातीवरून काढून कमरेला बांधली, मग पाऊल टेकवलं, हनुवटी बोटाने वर केली, आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं. अक्का ताठ बसली. एकदम ऐटीत, पुढे कुठेतरी बघत असल्यासारखी. जंगम स्वामी हातात फुलं घेऊन थांबले होते, त्यांनी मान हलवली. अक्काचा मुलगा म्हणाला, “आता बसली आई,” आणि हसता हसता ओक्साबोक्शी रडला.

माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, “कोण ओ ती पोरगी?”

“माझी मुलगी,” मी म्हटलं. “समुद्रात होड्या चालवते. तिचं कामच आहे ते.”